जुनं धाकटीला

“ताई, हे पुन्हा नाहीच म्हणतंय,” धाकटी फोनवर म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हतं, तेच मोठीला जास्त लागलं.

धाकटीच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली होती. दुरुस्तीवाल्याने नवी बसवून कॉम्प्युटर ज्यावर चालतो ती जुनीच सिस्टिम पुन्हा घातली, तिच्या खोक्यावरचा लायसन्स नंबर टाकला, तर नंबर आधीच वापरलाय असं पडद्यावर आलं. त्याच कॉम्प्युटरवर तिचं भरतकामाचं मशीन चालायचं. लेकीला घेऊन सासर सोडल्यापासून तिला तेवढाच आधार होता. शाळेच्या गणवेशांवरची चिन्हं अर्धी भरून पडली होती. संध्याकाळपर्यंत मशीन हललं नाही तर ठेकेदार कापड उचलून दुसरीकडे देणार होता.

कॉम्प्युटर मोठीनेच दिलेला. लहानपणापासून घरात रीतच तशी, मोठीला नवं आलं की जुनं धाकटीला. फ्रॉक, दप्तर, सायकल, सगळं असंच खाली सरकायचं. मोठीने नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा नव्या सिस्टिमचं पुरं लायसन्स परवडेना, म्हणून स्वस्तातलं, अपग्रेडचं घेतलं. जुना नंबर दाखवून ते सुरू झालं, आणि जुना कॉम्प्युटर सिस्टिमच्या खोक्यासकट तिने स्वतः रिक्षात घालून धाकटीकडे पोचवला. मनात वाकडं काही नव्हतं.

आता तिने कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलीने न कंटाळता समजावलं. अपग्रेड म्हणजे वेगळं लायसन्स नव्हे, ते जुन्यावरच चढतं. ते घेतलं तेव्हाच जुन्याचा हक्क नव्यात गेला, तो दुसऱ्याला देता येत नाही. आजवर चाललं ते कोणी विचारलं नाही म्हणून.

मोठीला कळलं. आखूड फ्रॉक खाली कापड जोडून वाढवला, तर द्यायला जुना फ्रॉक वेगळा उरतोच कुठे? आणि जुनी सिस्टिम आता विकत मिळत नव्हती, नव्या सिस्टिमवर धाकटीचं मशीन चालत नव्हतं.

“मी माझं अपग्रेड काढून टाकलं तर?”

“मग जुनं वापरता येईल, मॅडम. पण एकाच कॉम्प्युटरवर.”

मोठीने फोन ठेवला. आतल्या खोलीत नवरा पेपर पुन्हा पहिल्या पानापासून वाचत होता. त्याची नोकरी सुटल्यापासून घर मोठीच्या नकाशांवर चालत होतं. ती घरांचे आराखडे काढून द्यायची, आणि आर्किटेक्टला ते नव्या सिस्टिमवरचेच लागायचे. तिने हात जोडले, काही मागायचं सुचेना, तसेच खाली घेतले. मग अपग्रेड काढलं, आणि पुन्हा केंद्राला फोन करून जुना नंबर मोकळा करून घेतला.

“टाक आता नंबर,” तिने धाकटीला सांगितलं.

“ताई, तू तुझं काही बंद नाही ना केलंस?”

“माझं कशाला बंद करू? त्या मुलीने करून दिलं.”

खोटं बोलायची सवय नसूनही जीभ अडखळली नाही.

थोड्या वेळाने फोनमधून मशीनची खडखड ऐकू आली. धाकटी हसत होती, की रडत होती, नीट समजेना.

“ऐकतेयस ना, ताई?”

“ऐकतेय. तू काम कर.”

मशीन चालू होतं. मोठी फोन कानाशी धरून माउसची वायर हळूहळू गुंडाळत बसली. आतून नवऱ्याने विचारलं, आज काम लवकर संपलं का. ती हो म्हणाली.