मागची खिडकी उघडी ठेवा

मी कूलर बोलतोय. बोलतोय म्हणजे घरघरतोय, आणि त्याची मला जराही लाज नाही. उन्हाळ्यात नागपूरच्या वर, सौंसर-पांढुर्ण्याकडे पाहुणे म्हणून आलात, तर तुम्हीसुद्धा आधी माझ्यापुढे बसाल आणि मग घरधन्याला रामराम कराल.

पांढुर्ण्याच्या एका कारागिराने पत्रा कापून, ठोकून मला घडवलं. पहिला मालक सौंसरचा कापसाचा व्यापारी. म्हातारा माझ्यापुढे खाट टाकून घोरायचा आणि सुना चुलीपाशी भाजून निघायच्या. त्याची नात अर्थशास्त्र मोठ्याने पाठ करायची. मी कोण, हे मला तिच्याकडूनच कळलं. मी उपभोग्य वस्तू. वस्तू दिसते, हाताला लागते, साठवून ठेवता येते. धडा खरा निघाला. भिंतीवर एसी लागला तशी मला गच्चीवर साठवून टाकलं. पोटात आधी कांदे भरले, मग मांजर व्याली. पिल्लं माझ्या जाळीतून जग बघत बसायची. वाईट दिवस नव्हते ते.

पुढे मी भंगारवाल्याच्या गाडीवर चढलो आणि तिथून मला उर्वशीने उतरवलं. कॉलेज अर्ध्यात सोडलेली ही पांढुर्ण्याची पोरगी. तिने मोटर बदलली, गवताच्या नव्या ताट्या बसवल्या, मला पोपटी रंग दिला. असेच आणखी काही टाकलेले कूलर तिने जमवले होते. लग्नात आम्हाला भाड्याने द्यायचं, सोबत स्वतः जायचं, लावायचं, पाणी घालायचं, समारंभ संपेपर्यंत सांभाळायचं, असा तिचा बेत. पत्रा तोच, पंखा तोच, पण आता कमाईला जुंपलेली मी भांडवली वस्तू झालो. माणसाचं नाही होत असं, वस्तूचं होतं. कोण कशाला वापरतो, त्यावर तिची जात ठरते.

उर्वशीच्या वडिलांचे थोरले भाऊ मोरेश्वर, म्हणजे तिचे मोठेबाबा, तिगावला राहतात. घरात त्यांचाच शब्द चालतो, चुकीचा असला तर जरा जास्तच. त्यांनी सांगून टाकलं, "हवा का विकत देत असते का व? या लग्नसराईत चाललं तर चाललं. नाही तर हे डबे भंगारात अन् तू वावरात."

आमच्याकडे लग्न निघालं की मोहल्ल्यातून खाटा, गंज-पातेली, सतरंज्या, कूलर गोळा करतात. फुकट. त्या सराईतलं पहिलंच लग्न मोठेबाबांच्या मुलीचं, शीतलचं निघालं, तिगावच्या हॉलमध्ये. गाडी घेऊन ते स्वतः दारात.

"कूलर दे. तू साडी नेसून पाहुण्यांत बस. चार लोकांत बादल्या वाहून राहिली, बरं दिसते का?"

"मोठेबाबा, मग लावन कोन? पाणी कोन भरन?"

"बटन दाबाले कॉलेज लागते का? अन् तू तर तेही सोडलं."

"सोडलं म्हणूनच मोकळी आहो," ती म्हणाली. पण आम्ही गाडीत चढलो आणि ती दारात राहिली.

मोठेबाबा कधीतरी नागपूरच्या एसी हॉलमध्ये जेवून आलेले. तिथे दारं बंद होती, एवढंच त्यांनी शिकून घेतलं. त्यांनी आम्हाला भिंतीला टेकवून उभं केलं आणि थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या, सगळी दारं लावून घेतली. कूलरला पाठीमागून कोरडी हवा लागते हो. आम्ही ओली हवा फेकली, तीच परत ओढली, परत फेकली. हॉल उकडू लागला. नवरदेवाची पावडर ओघळून कॉलरवर आली. त्याचे मामा देवीदास उठले.

"लग्नाले बोलावलं का इडलीच्या भांड्यात बसवलं?"

वऱ्हाडी हसत हसत बाहेर लिंबाखाली निघाले. मुहूर्त समोर, हॉल रिकामा. मोठेबाबा माझ्या डोक्यावर थपडा मारत सुटले. वय झालं की माणसं वस्तूंना मारतात आणि त्याला दुरुस्ती म्हणतात.

साडी नेसून पाहुण्यांत बसलेली उर्वशी उठून शेजारी येऊन उभी राहिली. "कूलर तर तुमच्याजवळच आहे न, मोठेबाबा. अजून काय पाहिजे?"

ते घाम पुसत हळूच म्हणाले, "कर व बाई. काय करतेस ते कर."

तिने पदर खोचला. दोन पोरं हाताशी घेऊन माझी पाठ खिडकीबाहेर काढली, समोरची दारं सताड उघडली, पंपात अडकलेला कचरा उपसला, ताट्या भिजवल्या. मग मी जो सुटलो म्हणता. लिंबाखालचं वऱ्हाड आपोआप आत आलं. आज्यांचे पदर उडाले. अंतरपाट असा फडफडला की धरणाऱ्यांच्या मदतीला आणखी दोघांना पळावं लागलं, आणि नवरीने नवरदेवाला मुहूर्ताआधीच बघून घेतलं. अख्खा हॉल हसला. शीतल सगळ्यात जास्त.

व्यापाऱ्याच्या नातीने धडा अर्धाच पाठ केला होता. उरलेला मला तिगावात कळला. सेवा दिसत नाही, साठवता येत नाही, आणि करणाऱ्याला घरी ठेवून ती गाडीत टाकून नेता येत नाही. म्हणून तर मोठी माणसं तिला फुकट समजतात.

देवीदासमामांनी तिथेच उर्वशीला सौंसरच्या एका लग्नाचं काम सांगितलं. मग तारखा येतच गेल्या. भंगारवाला आता दारावरून ओरडत जातो, थांबत नाही.

परवा मोठेबाबांचा फोन. त्यांच्याकडे आणखी एक कार्यक्रम आहे.

"कूलर आम्ही गोळा केले व. तू ये फक्त."

"पहिले भाव बोलू, मोठेबाबा."

"बोल न," मोठेबाबा म्हणाले.

म्हणजे त्या दिवशी उर्वशी जाणार, मी घरीच. थोडं लागलं मनाला, पण मोटर हलकी झाली. तुमच्याकडे कार्य निघालं तर मला जरूर न्या. माझ्या मागची खिडकी उघडी ठेवा. आणि ती उघडायला जी येईल, तिला भाव आधी विचारा.