रंगवलेली डोंगररांग

मित्रांनो, मी एक जुनी डोंगररांग आहे. हसू नका! पलंगाएवढी असले तरी सात शिखरं आहेत मला. जन्म लालबागचा, गणपतीच्या कारखान्यातला. म्हणजे घराणं काही लहान नाही.

दादरच्या एका संस्थेतल्या अभयसाहेबांना बघायचं होतं, की डोंगरात पडलेलं पाणी नदीला किती मिळतं आणि उन्हाळ्यापर्यंत किती उरतं. म्हणून त्यांनी मूर्तिकार कांताकडून मला सिमेंटात घडवून घेतलं. कांताचा हात बाप्पाच्या गालांवर बसलेला. तिने मलाही घासून घासून तशीच तुकतुकीत केली. साहेबांनी झारीने पाऊस पाडला, तर सगळं पाणी सरसर खाली! पायथ्याची मातीची इवली घरं वाहून गेली आणि नदी म्हणून खाली बसवलेली तोटी लगेच कोरडी.

"कांताबाई, डोंगर केलाय की आरसा?"

"देखणी झालीय ना पण?" कांता कसली ऐकते!

मग दोघांनी माझ्या अंगावर गवत-मातीच्या जागी काथ्या आणि भुसा थापला. मी खरखरीत झाले, पण पाणी पोटात धरू लागले. पाऊस थांबला तरी माझी नदी थेंबथेंब चालूच. त्यावरून साहेब पाण्याचा अंदाज बांधत. माझा तोरा काय विचारता!

पुढे कॉम्प्युटर आला. तो म्हणे हजार डोंगर दाखवतो. दाखवो बापडा, भिजलाय का कधी? मी मात्र परत कारखान्याच्या कोपऱ्यात आले.

यंदा घोडपदेवच्या मयूरने मला गणपतीच्या सजावटीला नेलं आणि अंगभर हिरवा ऑइलपेंट फासला. "कांतामावशी, बघ, एकदम कडक!" लोकांनी फोटो काढले. नदीचं कुणी विचारलं नाही. विसर्जनानंतर मी पुन्हा कारखान्यात.

परवा साहेबांची मुलगी मानसी शाळेतली मुलं घेऊन आली. झारी धरली आणि पुन्हा तेच! पाणी फरशीवर, तोटी कोरडी ठणठणीत.

"रंगाने हिचं अंग बुजलंय, मावशी," मानसी म्हणाली. " आता काय उपयोग? भंगारात देऊन टाका."

"माझे गुडघे गेलेत. मला देतेस भंगारात?" कांता कडाडली. "घ्या रे पोरांनो पत्र्याच्या पट्ट्या!"

सगळ्यांनी मला खरवडलं. नवा काथ्या चढवला. झारी रिकामी झाल्यावर सगळे तोटीपाशी बसले. थेंब येईना. मानसीने मान हलवली. मुलं डबे उघडायला उठली, तेवढ्यात एक थेंब पडला. मग दुसरा.

मित्रांनो, डोंगराला नटवू नका. त्याच्या अंगावरचं खरखरीत तसंच राहू द्या, पाणी तिथेच थांबतं. आणि पाऊस सरला म्हणून लगेच उठू नका. आमची नदी उशिरा येते, पण उन्हाळ्यात तीच येते.