स्टीलची अंगठी

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला देवरामांनी मला नाशिकच्या सराफ बाजारात नेलं आणि प्लॅटिनमची अंगठी घेतली. सोबत त्यांची थोरली बहीण होती, मैनावन्सं. दुकानदार सांगत होता, सोन्यापेक्षा जड, कितीही वर्षं घाला, पांढरीच राहणार. वन्संनी अंगठी तळहातावर तोलली, आतला शिक्का निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "देवा, एवढ्यात स्टीलच्या भांड्यांनी मांडणी भरली असती की रे."

राग मलाही आला होता. सोन्याचं काही असतं तर चारचौघींत मिरवलं असतं. ही कशाची, असं पिंपळगावात एकाही बाईनं विचारलं नाही. मी आपणहून सांगायला जायचे, तर खोटं समजून हसायच्या. सहा वर्षं मी देवरामांना त्यावरून टोचून बोलले. ते म्हणायचे, "तुला ठाऊक हाय ना? मंग झालं."

गेल्या माघात द्राक्षांच्या पॅकहाउसमधून ते छाती धरूनच घरी आले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दहाव्याला चुलत सासूबाई, सुलाबाई, माझ्यापुढे येऊन बसल्या. हे सगळं बंद करा म्हणून हल्ली भाषणं होतात, पण भाषणं चौकात होतात आणि सुलाबाई घरात असतात. बांगड्या गेल्या, जोडवी गेली, मंगळसूत्र गेलं. मी काढू दिलं. ते सगळं लग्नात घातलेलं, घराण्याचं होतं. मग त्यांनी माझं बोट धरलं आणि माझी मूठ आपोआप मिटली. ही अंगठी तेवढी देवरामांनी स्वतः निवडून आणली होती. ही मला द्यायची नव्हती.

"सोड गं. चांदीची हाय का?" सुलाबाई म्हणाल्या.

खरं सांगितलं असतं तर गेलीच असती, आणि खोटं बोलायला तोंड उघडेना. सगळ्या बायका माझ्या मुठीकडे बघत होत्या.

मैनावन्सं कोपऱ्यातून उठल्या. पाठचा भाऊ गेला होता, दहा दिवसांत त्या कुणाशी धड बोलल्या नव्हत्या. माझ्याजवळ बसून त्यांनी माझी मूठ हातात घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "काकी, स्टीलची हाय ती. राहू द्या. तिला काय किंमत?"

सुलाबाईंनी हात सोडला. वन्संनी मात्र बायका उठून जाईपर्यंत धरून ठेवला.