तीन नंबरचा बावटा

“परत कशाला आलात?” गुणवंतीने नवऱ्याला उंबऱ्यातच अडवलं.

गुणाजीच्या हातात डब्याची पिशवी तशीच होती. पहाटे चारला उठून तिनेच तो डबा भरून दिला होता. “बंदरावर तीन नंबरचा बावटा लागलाय,” तो म्हणाला. “एक पण बोट सोडत नायत. मोठा वादळ येताय म्हणे.”

गुणवंतीने बाहेर येऊन आभाळ बघितलं. ऑक्टोबरचं ऊन सकाळी नऊ वाजताच डोळ्यांत जात होतं. मिऱ्याच्या बंधाऱ्यापलीकडे समुद्र गप्प पडला होता. माडाची झावळीसुद्धा हलत नव्हती.

“कुठाय वादळ?”

“मी काय खिशात घालून आणलाय? चाय टाक वायच.”

चहा टाकताना तिने टोप असा आदळला की मांजर खिडकीतून पळालं. नवऱ्याचा दोष नव्हता, हे तिला कळत होतं. पण दोष कुणाचा नसला म्हणून राग यायचा थांबतो थोडाच.

आजचा दिवस तिने महिनाभर मनात धरून ठेवला होता. नवरा बोटीवर तांडेल, अख्खी बोट त्याच्या हाती, म्हणजे आज गेला की उद्या संध्याकाळी येणार. मुलगा हितेश मासळीचा टेम्पो घेऊन कोल्हापूरला. सून अक्षया आणि नात भाविका एकाच शाळेत, एक शिकवायला आणि एक शिकायला. त्या पाचशिवाय घरी येत नसत. राहिली गुणवंती. ती बत्तीस वर्षं मासे विकत होती आणि एवढ्या वर्षांत एकदाही या घरात दिवसभर एकटी नव्हती. काल बाजारात शेजारच्या लीलाला तिने सांगून टाकलं होतं, “उद्या माजी वाट बघू नको. जीव बरा नाय.” जीव चांगला ठणठणीत होता.

आणि एक पापलेट होता. पाऊण किलोचा, चांदीसारखा, बोट दाबलं तर खड्डा न पडणारा. पेठेतल्या हरिहरकाकांनी तो काल दोनदा मागितला. “विकलाय तो,” ती त्यांच्या तोंडावर म्हणाली. घरामागच्या थर्माकोलच्या पेटीत, बर्फाच्या अगदी तळाशी तिने तो ठेवला होता. अख्खा तळायचा, गरम गरम तव्यावरून ताटात घ्यायचा आणि बसून खायचा. एकटीने. असा तिने आयुष्यात एकदाच खाल्ला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी पूर्णगडला बापाने तिच्या ताटात अख्खा पापलेट ठेवला होता आणि म्हणाला होता, “आज कोणाला देऊ नको.” त्यानंतर हातांतून पापलेट हजारो गेले. ताटात आला नाही.

चहा उकळतोय तोवर बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

“आई, माल नाय तर कोल्हापूरला काय हवा नेऊ?” हितेश हसत आत आला. पाठोपाठ अक्षया आणि भाविका. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना सुट्टी जाहीर झाल्याचा निरोप वाटेतच फोनवर आला होता. भाविकाने दप्तर कोपऱ्यात फेकलं आणि ओरडली, “वादळाचा विजय असो!”

“असू दे हो,” गुणवंती म्हणाली, “वादळाचा तरी असू दे.”

तिचं बोलणं कुणी मनावर घेतलं नाही. घरातली सगळी माणसं दिवसाउजेडी एकत्र सापडायची ती गणपतीत, आणि तेव्हा पाहुण्यांची गर्दी. आज कोणी येणार नव्हतं, कुठे जायचं नव्हतं. हितेशने माळ्यावरून कॅरम काढला. पावडर नव्हती म्हणून भाविकाने गुणवंतीच्या डब्यातलं तांदळाचं पीठ आणून फासलं. गुणाजी डावात लबाडी करायला लागला. नात आजोबांच्या मांडीखालून सोंगट्या काढत होती आणि अक्षया हसून हसून रडत होती.

“आई, बाहेर या ना. सारख्या आत काय करताय?” अक्षयाने हाक मारली.

“नाचतेय,” आतून उत्तर गेलं.

आत ती दुसऱ्यांदा पोहे करत होती. सून मदतीला आली नाही असं नाही. आली, दोन कांदे चिरून दिले, मग बाहेरून “मम्मी, तुझी पाळी” ऐकू आलं आणि गेली ती गेलीच. चहा तीनदा झाला. दर अर्ध्या तासाने गुणवंती मागच्या दारी जाऊन आभाळ बघत होती. एखादा ढग दिसला असता तरी तिचं समाधान झालं असतं. यायचंच होतं तर वादळाने धड यायचं होतं. घराची कौलं उडाली असती तर निदान रागवायला जागा राहिली असती. हे म्हणजे हातातोंडाशी आलेला घास गेला, आणि नेला कोणी ते सांगता येत नाही.

साडेबाराला गुणाजीच्या फोनवर आलं की वादळ खोल समुद्रातच वळलं. बाहेर टाळ्या पडल्या.

“आता जा की मग बोटीवर,” ती दारात येऊन म्हणाली.

“आज कसला? बावटा उतरवीपर्यंत दिवस जाईल.” गुणाजीने पाय पसरले. “असा दिवस परत गावायचा नाय गो.”

“ते मला सांगताव?”

तेवढ्यात मागच्या दारी भाविका किंचाळली. सरबतासाठी बर्फ काढायला ती गेली होती. दोन्ही हातांत पापलेट धरून ती माजघरात आली, पाणी ठिबकत. “बघा! केवढा! आजीने लपवून ठेवलेला!”

“लपवून नाय गो,” गुणाजी कौतुकाने म्हणाला, “आपल्यासाठी ठेवलान तिने. तिला वादळाचा आधीच कळला असणार.”

हितेशने मासा हातात घेऊन उलटापालटा केला. “आई, तुकड्याच कर. झणझणीत.”

“पाच तुकडे येतील का पण?” अक्षयाने विचारलं.

“पाच कशाला? चार कर. आईला कुठे तुकडी आवडते? तिला नुसता सारभात लागतो.”

हितेश हे अगदी सहज बोलला. त्यात वाईट काही नव्हतं. लहानपणापासून त्याने आईला सगळ्यांच्या मागून, टोपातलं उरलेलं सार भातावर ओतून, ओट्याशी उभ्याने जेवताना बघितलं होतं. ज्याला जे रोज दिसतं ते त्याला खरं वाटतं.

गुणवंतीने पुढे होऊन त्याच्या हातातून मासा काढून घेतला.

“कोणी सांगितलान तुला?”

“काय?”

“मला तुकडी आवडत नाय, ह्या कोणी सांगितलान? मी? कधी?” तिचा आवाज बाजारातल्यासारखा चढला. “बत्तीस वर्षात ह्या घरात मला कोणी विचारलान? मुंबईस्नं पाहुणे आले, त्यांना तुकडी. तू परीक्षेला बसलास, तुला तुकडी. हे बोटीवरून आले, ह्यांना तुकडी. टोपात राहिला काय? सार! म्हणून मी सार जेवली. आवडता म्हणून नाय जेवली!”

कॅरमवरची सोंगटी कुणीतरी उगीचच हलवली. गुणाजी हसायला गेला, पण हसू तोंडातच राहिलं.

“आई, तो तुम्हीच घ्या, आम्ही—” अक्षया म्हणाली.

“तुमी देऊ नका. माझाच हाय तो. मी आणलाय, माज्यासाठी आणलाय. आज मला घरात कोण नको होता. व्हा बाहेर. सगळे.”

“गुणवंती, अगो पोरांची जेवणं...”

“नाक्यावर वडे मिळतात!”

चौघंही निघाली. भाविकाने जाताना सरबताचा पेला उचलला, मग आजीकडे बघून परत ठेवला. गुणवंतीने दाराला आतून कडी घातली.

घर एकदम मोठं झालं. तिने मासा साफ केला, दोन्ही अंगांनी चिरा दिल्या, मीठ, हळद, मसाला, कोकमाचं आगळ. पीठ कॅरमवर गेलं होतं, म्हणून तसाच तव्यावर सोडला. वास खिडकीतून बाहेर गेला असणार. बाहेर ओट्यावर वड्यांचे कागद वाजले.

माजघराच्या मधोमध पाट मांडून ती बसली. ताट पुढ्यात घेतलं. राग अजून हातांत होता. बोटं भराभर चालत होती, काटा वेगळा, मांस वेगळं. पहिला घास तोंडात घातला तो इतका गरम की जीभ पोळली. तिने तो टाकला नाही. दुसरा घेतला, तिसरा घेतला.

मग तिचं ताटाकडे लक्ष गेलं. ताटाच्या कडेला, भातापासून दूर, काटा काढून साफ केलेल्या मांसाचा छोटा ढीग झाला होता. मऊ, पोटाकडचा भाग. तिच्या हातांनी तो आपोआप बाजूला काढून ठेवला होता, भाविकासाठी, त्याआधी हितेशसाठी, नेहमी काढत तसा.

ती त्या ढिगाकडे बघत राहिली. इतका राग तिला दिवसभरात वादळाचाही आला नव्हता. स्वतःच्या हातांचा आला. बाहेरून भाविकाने हळूच काहीतरी विचारलं आणि गुणाजीने तिला गप्प केलं, ते तिने ऐकलं. ती उठली नाही. एकेक घास करत तिने तो ढीग संपवला. डोळ्यांना पाणी आलं ते मसाल्याचं, असं तिने ठरवून टाकलं. ताटात फक्त काटा राहिला.

तिने हात धुतले आणि कडी काढली.

चौघं ओट्यावर ओळीने बसली होती. मांडीवर वड्यांचे कागद, समोर ऊन, बंधारा आणि तो सपाट समुद्र. हितेश मान वर करत नव्हता. अक्षयाने सरकून जागा केली. गुणवंती तिथे बसली.

गुणाजीने समुद्राकडे बघतच विचारलं, “कसा होता?”

“गरम होता,” ती म्हणाली.