दोन माणसांचं इंजिन

नवीन इंजिन बसलं की मी सकाळी उशिरापर्यंत झोपणार, हे मी वस्तीभर सांगून ठेवलं होतं. कोणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं होतं.

आमची बोट मूळची कोकणातली, मासेमारीची. कारखान्याने माणसं घरी पाठवायला सुरुवात केली तेव्हा तिथे कामाला असलेल्या रामदासांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, स्वेच्छानिवृत्ती घेतली. स्वेच्छा कसली, नाव तेवढं गोंडस. बाकीच्यांनी रिक्षा घेतल्या, दुकानं टाकली. ह्यांनी ट्रकवर टाकून घाटातून बोट आणली. जाळं ओढायची चरखी काढली, पुढे लोखंडी दात्यांचा पंजा बसवला आणि विश्रांतवाडीच्या मागे नदीतली जलपर्णी काढायचं काम धरलं. आम्ही काढायची आणि तिने पुन्हा वाढायचं, असं वर्षानुवर्षं चाललंय. समोरच्या काठावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तिथली पोरं खिडकीतून आमच्याकडे बघत चहा पितात.

बोटीबरोबर इंजिन आलं. रंग उडालेलं, जड, आणि एका माणसाला दाद न देणारं. ते सुरू करायला दोघं लागत. एकाने वाकून दोन्ही हातांनी हँडल फिरवायचं. दुसऱ्याने इंजिनाच्या डोक्यावरची छोटी दांडी उचलून धरायची, म्हणजे आतला दाब सुटतो आणि हँडल हलतं. वेग आला की फिरवणारा ओरडणार, "सोड!" त्याच क्षणी दांडी सोडायची. लवकर सोडली तर हँडल उलटं फिरून मनगट मोडणार, उशीर केला तर सगळा दम वाया. ही दुसरी म्हणजे मी.

रामदास बोलणाऱ्यातले नाहीत. घरात त्यांचं बोलणं म्हणजे "मीठ दे" आणि "दिवा घालव". पण "सोड" म्हणताना ते मान वर करून माझ्याकडे बघायचे. घामाने डबडबलेला चेहरा, आणि सगळी भिस्त माझ्या दोन बोटांवर. मला ते आवडायचं. बाकी सगळ्याची तक्रार मी केली, त्याची कधी केली नाही. भल्या सकाळी उठणं, नदीचा वास, काठाचा उतार, माझे गुडघे, ह्या सगळ्याचा मला वीट आला होता.

ह्या उन्हाळ्यात इंजिनाला तडा गेला. वेल्डिंग केलं, पुन्हा गेला. नाना पेठेतला कारागीर म्हणाला, "काका, आता ह्याला सुखाने जाऊ द्या." आमचा रोहन हिंजवडीला नोकरी करतो. त्यानेच नवीन इंजिन आणवलं.

"मम्मी, सेल्फ स्टार्ट आहे," तो म्हणाला. "किल्ली फिरवली की संपलं. तू आता फुल रेस्ट घे."

"बाई, सुटले एकदाची!" मी म्हणाले. ह्यांच्याकडे मी पाहिलं नाही.

जुनं इंजिन चेनपुलीने वर काढलं तेव्हा रामदासांनी ते थांबवायला लावलं. चिंध्या घेतल्या आणि खालपासून वरपर्यंत पुसून काढलं. भंगारात जाणारी वस्तू पुसतं का कोणी? ते पुसत होते. दांडीशी हात थोडा रेंगाळला, मग इंजिन घेऊन भंगारवाल्याचा टेम्पो गेला. नव्यासाठी नारळ वगैरे काही फोडला नाही, आमच्यात फोडत नाहीत. रोहनने पेढे वाटले.

पहिल्या दिवशी रामदास एकटेच गेले. मी अंथरुणात पडून राहिले. झोप आली असती तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने नदीकडून नवीन इंजिनाचा आवाज आला, एकसारखा, गुळगुळीत. पहिल्याच झटक्यात सुरू झालं होतं. मला रडू आलं. आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही, हे कळायला इतकी वर्षं उगाच उतार चढले-उतरले, असं वाटलं.

संध्याकाळी ते आले. डबा तसाच परत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालून दारातच उभे.

"हिरा, चल."

"कुठे?"

"बोटीवर."

"एका माणसाचं काम आहे की आता. चांगली किल्ली आहे."

"आहे."

"मग? बिघडलंय का?"

"नाही. चांगलं चालतंय." ते उंबऱ्याकडे बघत होते. "काल सुरू केलं आणि मान वर केली. तू नव्हतीस."

लग्नानंतर इतकं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. उठले. गुडघा कळवळला, त्याला शिव्या घातल्या. वाटेत शेजारची गोदाबाई म्हणालीच, "काय गं, झोपणार होतीस ना?" मी म्हटलं, "झोपायला काय, मेल्यावर आहेच."

बोटीत रामदासांनी किल्ली माझ्या हातात दिली. स्वतः आत उतरले आणि जुन्या सवयीच्या जागी वाकून उभे राहिले. तिथे हँडल नव्हतं, नुसते हात गुडघ्यांवर. मग त्यांनी मान वर केली.

"सोड," ते म्हणाले.

सोडायला काही उरलं नव्हतं. मी किल्ली फिरवली.