अकरा मार्चचं पाणी

खोटं तुम्ही लिहिलंत. तुमच्या दप्तरात, तुमच्या शाईनं, तुमच्या गोल शिक्क्याखाली. अकरा मार्च एकोणीसशे अठ्ठ्याण्णवला कालव्याचा फाटा कोरडा होता असं तुम्ही लिहून ठेवलंत आणि दोन बायकांच्या मढ्यावर वही टेकवून सही केलीत. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही, म्हणून तुम्ही निर्धास्त. विचारणारी त्याच दिवशी जन्माला आली होती; ती मोठी होऊन विचारील, एवढं तुमच्या ध्यानात आलं नाही.

तिचं नाव प्रगती. बारामतीतल्या एका शाळेत ती सहावीला शिकवते. अजून कायम नाही. फेब्रुवारीत तिनं वर्गाला उपक्रम दिला : आपण जन्मलो त्या दिवशी जगात काय घडलं ते शोधून आणा. पोरांनी घरच्या मोबाईलवरून शोधून रंगीत कागद भरून आणले. कुणाच्या दिवशी भूकंप, कुणाच्या दिवशी क्रिकेटची मॅच, कुणाच्या दिवशी कुठल्या तरी देशाचा राजा मेला.

सुयोग नावाचं एक वांड पोरगं उठलं. "बाई, तुमच्या दिवशी काय झालं?"

"माझा एक जून."

"माझ्या आज्ज्याचा बी एक जूनच हाय, बाई. आज्जीचा बी. मामाचा बी." त्यानं बोटं मोजली. "त्या दिवशी दवाखान्यात पाय ठिवायला जागा नसंल."

वर्ग हसला, प्रगतीही हसली. यात नवल काहीच नव्हतं. आपल्याकडं ज्याची तारीख घरच्यांना सांगता यायची नाही, त्याला गुरुजी एक जून लावून टाकायचे. जूनमध्ये शाळा सुरू, पोरगं वयात बसलं, काम झालं. गावंच्या गावं एका दिवशी जन्मली. पण हसताना प्रगतीच्या मनात आलं, की आपण तर अठ्ठ्याण्णव सालच्या. दवाखान्यात झालेल्या. आपली तारीख कुणाला माहीत नसायला काय झालं?

शनिवारी ती गावी गेली. गाव इंदापूरच्या अलीकडं, कालव्याच्या फाट्यालगत. आई, सारजा, पडवीत बसून मिरच्यांचे देठ मोडत होती.

"आये, मी खरी कधी झाले गं?"

सारजाचा हात थांबला. "होळीच्या आदल्या दिशी. पाणी आलं त्या दिशी."

हे वाक्य प्रगतीनं लहानपणापासून ऐकलं होतं. सगळ्या गावानं ऐकलं होतं. पाणी होळीच्या दिवशी आलं, आदल्या दिवशी फाटा कोरडा होता, हे गावाला ठाऊक होतं. तसं पेपरात आलं होतं, सरकारी कागदात होतं. आदल्या दिवशी आलं असं म्हणणारी एकटी सारजा. म्हणून ती येडी. बाळंतवारं डोक्यात गेलंय, म्हणायचे लोक.

सारजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. माहेरही याच फाट्यावर, बरंच खाली. धाकटी बहीण फुला तेव्हा सतरा वर्षांची. दोघी आणि शेजारची एक बाई, अशा तिघी फाट्यात उतरल्या. पाणी बंद होतं, पण रस्त्याखालच्या मोरीत डबकं साचलं होतं. तिथं बाळासाठी जुन्या वाकळा धुवायच्या होत्या. अचानक पाणी आलं तेव्हा नववा लागलेली सारजा उतारावर बसून पिळे वाळत घालत होती, म्हणून ती बाभळीला धरून वाचली. मोरीत होत्या त्या दोघी गेल्या, मढी दुसऱ्या दिवशी सापडली.

मग कागद असं बोलला, की पाणी दुसऱ्या दिवशी पहाटे सुटलं आणि त्याआधी रीतसर दवंडी दिली होती. म्हणजे दवंडी ऐकूनही सारजानं बहिणीला पाण्यात नेली. भाऊ युवराज तेव्हा ऊसतोडीला लांब होता; तो कागदातलं तेवढंच धरून बसला. बहीण घालवलीस, वर खोटं बोलतीस. अठ्ठावीस दिवाळ्या झाल्या, भाऊबीजेला सारजानं भावाला ओवाळलं नाही. तबक घेऊन ती दोनदा दारात गेली होती. दोन्हीदा दार आतून लागलं.

"तू दवंडी ऐकली व्हतीस का, आये?" प्रगतीनं तिला पहिल्यांदाच सरळ विचारलं.

"ऐकली असती तर फुलीला नेली असती का?"

सोमवारी शाळा सुटल्यावर प्रगती बारामतीच्या वाचनालयात बसली. जुन्या पेपरांचे बांधलेले गठ्ठे तिथं होते, धुळीनं नाक भरत होतं. पोरांना दिलेला अभ्यास ती स्वतः करत होती. बारा मार्चचा अंक : दिल्लीत सरकार कोण बनवणार याची खलबतं, चेन्नईची कसोटी जिंकल्याचं उरलंसुरलं कौतुक. फाट्याचं नाव नाही. चौदा मार्चच्या अंकात, आतल्या पानावर, लग्नाच्या जाहिरातीखाली पाच ओळी होत्या. पाण्याच्या आवर्तनाची दवंडी देऊनही गुरुवारी सकाळी वाकळा धुण्यासाठी उतरलेल्या दोन महिलांचा बुडून मृत्यू.

प्रगतीनं त्या ओळी पुन्हा वाचल्या. गुरुवारी होळी होती. होळीच्या सकाळी घरोघरी पुरणाची डाळ चुलीवर असते. त्या दिवशी वाकळा धुवायला कोण बाई जाते? लिहिणाऱ्या साहेबाच्या घरात वाकळा कधी कोण धुतं हे साहेबाला माहीत नव्हतं, आणि छापणाऱ्यानं बायकोला विचारलं नव्हतं.

तिनं कालव्याच्या ऑफिसात माहितीचा अर्ज टाकला. त्या दोन दिवसांच्या नोंदीची नक्कल द्या. नक्कल वीस दिवसांनी आली. अकरा मार्च : फाटा बंद. बारा मार्च : सकाळी सहा वाजता गेट उघडले. नक्कल यायच्या आदल्या दिवशी वडिलांचा फोन आला होता.

वडील, मोहनराव, त्याच खात्यात पाटकरी. वाटणीप्रमाणं शेतकऱ्यांना पाणी सोडायचं काम. मेअखेर निवृत्त होणार.

"ऑफिसात अर्ज दिलास म्हणं," मोहनराव म्हणाले.

"व्हय आण्णा. तुमाला कुणी सांगितलं?"

"सायेब म्हणलं, पोरीचं कसं चाललंय? कायम व्हायचीय न्हवं अजून? येका माणसाच्या दोन जनमतारखा निघाल्या तर नोकरीला बरं नसतं म्हणं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुजा एक जून काय वाईट हाय का, बाळा?"

अर्जात तिनं पाण्याबद्दल विचारलं होतं. आपल्या जन्मतारखेचं अक्षरसुद्धा लिहिलं नव्हतं.

ती आबाजी गुरुजींकडं गेली. तिला पहिलीत घालून घेणारे मुख्याध्यापक हेच. ऐंशी पार केलेले, तरी कानानं आणि जिभेनं शाबूत.

"गुरुजी, मला एक जून का लावला?"

"आगं, निम्म्या तालुक्याचा बाप मीच हाय त्या हिशेबानं," गुरुजी हसले. मग तिच्या तोंडाकडं बघून हसायचे थांबले. "ज्याला तारीख ठावी न्हाय, त्याला मी एक जून लावायचो, पोरी. तुज्या बापाला तारीख पाठ व्हती. दाखला घिऊन आला व्हता खिशात. मी अकरा मार्च लिहिलं बी. तर हात जोडाय लागला. म्हणला, गुरुजी, सगळ्यांत हिला बी ढकला. एक जून करा, कुणाला कळायचं न्हाय."

"मग तुमी?"

"मी म्हणलं, असंल काय नवसबिवसाचं. खोडलं." गुरुजींनी मान दुसरीकडं वळवली. "रजिस्टरात खोडलेलं अजून दिसतंय. जाऊन बघ."

तिनं बघितलं. एका रेघेखाली अकरा मार्च स्पष्ट वाचता येत होतं.

आता एकच माणूस उरलं होतं. इंदापुरात वहिदा सिस्टर राहतात, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. त्यांनी आयुष्यभर केलेली बाळंतपणं स्वतःच्या वह्यांत लिहून ठेवलीत. दवाखान्याचं रजिस्टर केव्हाच नाहीसं झालं होतं. सिस्टरची वही कपाटात होती.

"सारजाची पोर तू? ये, बस," सिस्टर म्हणाल्या. चष्मा लावून त्यांनी पान काढलं आणि वही तिच्याकडं फिरवली. अकरा मार्च, संध्याकाळी पाच चाळीस, मुलगी. खाली एक ओळ : बाईला दुधाच्या टेम्पोतून आणले, लुगडे चिंब, केसांत कालव्याचा गाळ.

म्हणजे फाटा कोरडा असल्याच्या दिवशी आई त्याच फाट्याच्या पाण्यानं भिजून आली होती. प्रगतीला रडू आलं. आता ही वही युवराजमामाच्या पुढ्यात टाकायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"थांब," सिस्टर म्हणाल्या. "अर्धंच घेऊन जाऊ नकोस. तुझा बाप अर्ध्या तासानं आला. फाट्यावर रोजंदारीला होता तो तेव्हा. कोपरापर्यंत गेटाचं काळं ग्रीस. तुला हातात घ्यायला गेला, तर मी म्हटलं, अहो, हात तरी धुवा. तिथंच खाली बसला. म्हणाला, सिस्टर, गेट मीच उघडलं. माझी बायको खाली हाय हे मला ठावं नव्हतं."

"तुमी कुणाला सांगितलं न्हाय?"

"मला कुणी विचारलं नाही, बेटा. आणि दोन दिवसांनी साहेबलोक आले, रजिस्टर बघायला घेतलं, ते परत आलं नाही. तेव्हा मीही घाबरले. खोटं कशाला बोलू?"

त्यांनी पानाचा फोटो काढू दिला आणि खाली आजच्या तारखेची सही करून दिली.

दुसऱ्या दिवशी रविवार. प्रगती भर दुपारी गावी पोचली तेव्हा मोहनराव जेवायला बसले होते. सारजा भाकरी थापत होती. प्रगतीनं चप्पल काढली आणि उभ्याउभ्याच तो फोटो आईला वाचून दाखवला. मग म्हणाली, "आण्णा, सिस्टरनी सगळं सांगितलं. आयेला तुमी सांगा. न्हायतर मी सांगते."

मोहनरावांनी घास ताटात ठेवला. तव्यावरची भाकरी करपायला लागली.

"दुपारी जीप आली," ते ताटाकडं बघत म्हणाले. "आतनं सायेब म्हणलं, गेट उघड. मी म्हणलं, सायेब, दवंडी उद्याची हाय, खाली माणसं असत्यात. तर म्हणलं, एका मळ्यातली केळी वाळाय लागलीत, वरनं फोन आलाय. दवंडी उद्या दिऊ. मी रोजंदारीचा गडी. उघडलं." त्यांनी पुसलेला हात पुन्हा धोतराला पुसला. "मग रातोरात दुसरी वही लिहिली. मला बोलावलं. म्हणलं, तोंड उघडलंस तर दोन खून तुज्या नावावर, गप ऱ्हायलास तर कायम. पोरीची तारीख बी मिटीव म्हणलं, तीच एक खूण ऱ्हायलीय. आता पेन्शनचा कागद त्याच सायबाच्या टेबलावर हाय."

"आन मला येडी म्हणू दिलं," सारजा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माजं म्हायार तुटलं, ते बी बघत बसलात. एका चुलीवर."

"सारजे…"

"अठ्ठावीस वर्सं मी रोज तुमास्नी इचारायची, पाणी आदल्या दिशी आलं न्हवं वो? तुमी म्हणायचा, झोप आता."

मोहनराव रडायला लागले. प्रगतीला वाटलं, आई उठून आत जाईल. ती उठली नाही. करपलेली भाकरी तिनं बाजूला काढली, चुलीतलं लाकूड मागं ओढलं, पिठाचे हात तसेच घेऊन नवऱ्यासमोर येऊन बसली. ताट बाजूला सारलं. बाहेर एक जीप येऊन थांबल्याचा आवाज झाला. तिघांनीही तो ऐकला. मोहनरावांची नजर दाराकडं गेली.

प्रगतीनं पर्समधून वही काढली. नव्या पानावर तारीख घातली, अकरा मार्च, आणि पेन उघडून थांबली.

"तिकडं बघू नका," सारजा म्हणाली. "हिकडं बघा. त्या जीपमधी बसून हुकूम कुणी दिला? नाव सांगा. पोरगी लिहून घेतीया."