चुन्याची निवळी

ही गोष्ट २०२३ सालची. दीक्षा तेव्हा नागपूरच्या एका कॉलेजात संशोधन करत होती. संत्र्याच्या साली जाळून तिने एक काळी पूड केली होती. ती टाकली की तळणीतून उरलेल्या तेलाचं डिझेल झटपट होई. पण ते पहिल्याच खेपेला. पुढच्या चार खेपांत पूड नुसती राख निघाली. “आकडे मनानेच लिहिलेस का?” असं तिच्या मार्गदर्शक चारुलता मॅडमनी विचारलं, तेव्हापासून पोरीचं जेवण सुटलं होतं.

ती राहायची त्या घरच्या कौसल्यामावशीला मात्र वेगळीच काळजी लागली होती. तिची सारी उमर मुरब्ब्याच्या कारखान्यात गेली होती. पहिल्या खेपेच्या साली दीक्षाने तिच्याच गच्चीवर वाळायला ठेवल्या होत्या, आणि सवयीने मावशीने त्या आधी चुन्याच्या निवळीत, म्हणजे चुना तळाशी बसल्यावरच्या नितळ पाण्यात, भिजवल्या होत्या. आता सांगावं तर पोरीची पदवी जाईल, न सांगावं तर ती खोटी ठरेल.

शेवटी तिला राहवेना. “दीक्षा, रागावू नको वं. त्या संत्र्याच्या साली मी निवळीत टाकल्या होत्या.”

“चुन्याच्या? काहून मावशी?”

“कडूपणा जावा म्हणून.”

“मी काय मुरब्बा करून राहिली होती काय वं!” दीक्षा ओरडली आणि तशीच कॉलेजात धावली.

चुना पडताच पूड पुन्हा चालली. पण चुन्याची नोंद नव्हती म्हणून मॅडमनी जुने आकडे रद्द केले आणि पदवी दीड वर्ष लांबली. दीक्षा आता सावनेरला शिकवते. मॅडम निवृत्त होऊन लेकाकडे गेल्या. मावशी अजून आहे. कुणाकडे काही वाळत घातलेलं दिसलं, की ती हात पदराखाली घेते.